गंगेवरची कवळी

माझे सासरे गंगाधरभट यांचा आवाज चांगला होता असं कुणी म्हटलेलं त्यांना आवडत नसे. आवाज गवयाचा चांगला असतो, आपले उच्चार चांगले आहेत, असं ते सांगत, आणि न विचारता सांगत. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. मामंजी चाळीस वर्षं रोज पहाटे गंगेवर जात आणि रामकुंडाजवळच्या ठरलेल्या पायरीवर पाट टाकून बसत. त्यांच्या आधी तिथे त्यांचे वडील बसत. पायरीचा कागद कुणाकडेच नव्हता, पण चुकून एखादा गावकरी तिथे कपडे ठेवायला गेला तर मामंजी त्याच्याकडे असे बघत की तो कपड्यांसह पुढच्या पायरीवर जाई.

त्यांचं काम श्राद्धपक्षाचं. यजमान यायचा, त्याच्याकडून ते पिंडदान करवून घ्यायचे, त्यात गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, मग त्याच्या बापाचं, मग आज्याचं. मामंजींचं म्हणणं असं की बाकीचे मंत्र देवासाठी असतात, ते थोडे इकडेतिकडे झाले तरी देव समजून घेतो. नावं मात्र यजमानाला ऐकू गेलीच पाहिजेत, कारण तेवढ्यासाठी तो एसटीची धूळ खात आलेला असतो. आणि खरंच, खाली भांडी घासणाऱ्या बायका, वर भाजीवाले, मध्ये अंघोळीची आरडाओरड, या सगळ्यातून मामंजींनी घेतलेलं नाव पलीकडच्या काठावर कळायचं. त्यांचा भाचा शामसुंदर चार पायऱ्या सोडून बसे. तो मालगाडीसारखा एका दमात सगळं म्हणून टाकी. मामंजी लांबून कान देऊन ऐकत आणि रात्री जेवताना आम्हाला सांगत, "आज शाम्याने दोन पितामह गिळले."

मी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. दिवसभर कानाला यंत्र लावून खरखर ऐकायची आणि "हॅलो, नीट बोला" म्हणायचं, ही नोकरी. त्यामुळे स्पष्ट बोलणाऱ्या माणसाची किंमत मला घरातल्या इतरांपेक्षा जास्त होती. हे स्पष्ट बोलणं मामंजी घरी मुख्यतः माझी आमटी कशी झाली हे सांगायला वापरत, तो भाग वेगळा.

साधारण ब्याऐंशी सालापासून मामंजींचे दात पडू लागले. त्यांनी ते अतिशय शांतपणे घेतलं. पडलेला दात पिकलेला होता, राहिलेले घट्ट आहेत, असं ते प्रत्येक वेळी म्हणत, आणि दोन महिन्यांनी घट्टातला एक पिके. तुरटी झाली, लवंगेचं तेल झालं, बाभळीची काडी झाली. डॉक्टरचं नाव काढलं की त्यांना एकदम संध्येची वेळ आठवे. वर पुढचे चार आणि खाली तीन गेले तेव्हा भाकरी दुधात कुस्करायची वेळ आली. भाकरीचं ते बोलले नाहीत. पण 'प्रपितामह' हा शब्द आता त्यांच्या तोंडून शब्द कमी आणि वारा जास्त असा येऊ लागला. समोरचा यजमान हळूच उपरण्याने तोंड पुसू लागला. कुणी काही बोलत नव्हतं. फक्त पुढच्या खेपेला तो चार पायऱ्या सोडून जाऊन बसत होता.

एक दिवस शामसुंदर घरी आला आणि फार प्रेमाने म्हणाला, की मामा, येत्या पितृपक्षात तुम्ही पायरीवर नुसते बसून राहा, म्हणायचं मी म्हणतो. मामंजींनी त्याला चहा दिला आणि दारापर्यंत पोचवलं. पायरी जायची ती अशीच, भांडण न होता जाते, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या वडिलांनी ती कुणा म्हाताऱ्या चुलत्याकडून अशीच प्रेमाने घेतली होती.

चौऱ्याऐंशीच्या चैत्रात त्यांचा उजवा गाल सुजला. तोंड उघडेना, पाणीही जाईना. डोक्याभोवती मफलर गुंडाळून ते कोपऱ्यात बसले, आणि मी रजा टाकून त्यांना रिक्षात घातलं. शरणपूर रोडवर डॉक्टर श्यामला यांचा दातांचा दवाखाना नवीन निघाला होता. बाईमाणसासमोर आ करून बसायचं हा पहिला आक्षेप त्यांनी रिक्षात घेतला. दुसरा आक्षेप पाण्याचा होता, म्हणून घरचा तांब्या त्यांनी मांडीवर धरलाच होता. चूळ भरायची तर घरच्या पाण्याने.

डॉक्टरीणबाई मुंबईला शिकलेल्या, वयाने मामंजींच्या नातीसारख्या. त्यांनी फोटो काढला आणि आम्हाला उजेडासमोर धरून दाखवला. वीस वर्षांपूर्वी जत्रेत कुणा दात काढणाऱ्याने मामंजींची दाढ उपटली होती. तिची दोन मुळं जबड्यात तशीच मोडून राहिली होती आणि त्यांच्याभोवती पू झाला होता. मला सगळ्यात वाईट वाटलं ते याचं, की वीस वर्षं तो माणूस उजव्या बाजूने चावत नव्हता, थंडीत गालावर हात धरून बसत होता, आणि ते म्हातारपण आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांच्यासकट.

बाईंनी हिरडी कापून मुळं काढली, हाडाची टोकं घासून सारखी केली, टाके घातले. राहिलेले खिळखिळे दात पुढच्या दोन खेपांना गेले. चौथ्या दिवशी मामंजी सकाळी उठून म्हणाले, "मालिनी, घरात कसला आवाज येत नाहीये?" आवाज कसलाच बंद झाला नव्हता. ठणका थांबला होता.

आता हिरड्या भरून यायला तीन महिने, मग कवळी. त्या तीन महिन्यांत मामंजी गंगेवर गेलेच नाहीत. पेज प्यायची आणि पंचांग वाचायचं. एकदा तपासणीला गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, परदेशात आता जबड्याच्या हाडातच धातूचा स्क्रू बसवतात आणि त्यावर दात लावतात, तो कायमचा. आपल्याकडे यायला वेळ आहे अजून. मामंजींनी विचार केला. एवढा विचार त्यांनी माझ्या लग्नातही केला नसेल. मग त्यांनी विचारलं, तो स्क्रू जळतो का? बाई म्हणाल्या, नाही. मग तो अस्थींबरोबर गंगेत सोडायचा की घरी ठेवायचा, याचा निर्णय कुठल्या ग्रंथात आहे? बाईंनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

कवळी करणारा माणूस दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसे. त्याचं नाव निवृत्ती. चाळिशीचा, सडपातळ, कानामागे पेन्सिल. देवळाली कॅम्पात लष्करी दवाखान्यात हाताखाली राहून तो हे काम शिकला होता. मामंजींनी बसल्या बसल्या त्याला नाव विचारलं. निवृत्तीने नाव सांगितलं, आडनाव सांगितलं आणि आम्ही बौद्ध आहोत हेही न विचारता सांगितलं, म्हणजे मामंजींचे पुढचे चार प्रश्न वाचावेत. मामंजी "बरं" म्हणाले आणि तांब्या जरा जवळ ओढला.

निवृत्तीची पद्धत अशी, की आधी मेणात दात रोवून कच्ची कवळी तयार करायची. ती तोंडात बसवून माणसाला बोलायला लावायचं आणि ऐकायचं. शब्दाला कुठे वारा जातो ते कानाने धरून तिथलं मेण तासायचं किंवा चढवायचं. बोलणं नीट आलं की मगच पक्की कवळी. इतर लोकांकडून तो पन्नास ते साठ आकडे म्हणवून घेई. मामंजी त्रेपन्नला थांबले. मी आकडे म्हणून पोट भरत नाही, असं मेणातून म्हणाले, आणि त्यांनी सरळ श्राद्धाचा संकल्प सुरू केला. नावं स्वतःच्याच वाडवडिलांची घेतली.

निवृत्ती डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "परत म्हणा."

मामंजींना आयुष्यात हे कुणी म्हटलं नव्हतं. ते दुसऱ्यांना म्हणत. पण त्यांनी परत म्हटलं. निवृत्तीने कवळी काढली, स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवली, पुढच्या दातांमागचं मेण केसभर खरवडलं. "परत म्हणा." मग, त चांगला येतोय, शेवटच्या स ला अजून वारा जातोय. परत म्हणा. अशा तीन खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला सात-आठ वेळा मामंजींचे वडील, आजोबा, पणजोबा त्या प्लॅस्टरने पांढऱ्या झालेल्या खोलीत बोलावले गेले. माझी खात्री आहे, त्यांना इतकं नीट कधीच कुणी बोलावलं नसेल.

मामंजी चूळ भरायला बाहेर गेले तेव्हा निवृत्ती मला हसत म्हणाला, की छप्पन साली आमच्या वडिलांनी दीक्षा घेतली. श्राद्ध करणार नाही, पिंड देणार नाही, भटाकडून काही करवून घेणार नाही, अशी शपथ आहे घरात. "आणि मला आता मधून कुठूनही सुरू केलं तरी पुढचं येतं, ताई."

श्रावणात पक्की कवळी आली. मामंजींनी घरी येऊन पहिल्यांदा चिवडा मागितला, मग भाजलेले हरभरे, मग मला न सांगता सुकं खोबरं. दोन्ही बाजूंनी चावत होते. गाल भरून आले, दहा वर्षांनी लहान दिसू लागले. शेजारच्या विमलाबाई आल्या तेव्हा तर विनाकारण हसले. मी मनात म्हटलं, चला, रजा सत्कारणी लागल्या. पितृपक्षाला अजून महिना होता आणि पायरी वाचली होती.

पण मी सोवळं विसरले होते. पितृपक्षाच्या आदल्या दिवशी मामंजींनी निर्णय दिला. कवळी तोंडातून बाहेर येते, परत तोंडात जाते, म्हणजे ती सदाचीच उष्टी. उष्टी वस्तू तोंडात धरून संकल्प कसा म्हणणार? तेव्हा गंगेवर जाताना कवळी घरी राहील. जेवायच्या वेळी मी ती डबीतून पायरीवर पोचवावी, कारण दुपारी यजमानाकडे जेवण असतं आणि वडे चावावे लागतात.

 ज्या मंत्रांसाठी हिरडी चिरली, तीन महिने पेज प्यायली, मेणाचं तासकाम केलं, ते मंत्र आता बोळक्या तोंडाने, आणि दात वड्यांसाठी. मी त्यांना उलट कधी बोलत नसे. त्या दिवशी विचारलं, की अडचण उष्ट्याची आहे का निवृत्तीच्या हाताची? मामंजींनी पंचांग उघडलं. त्यातच बघत म्हणाले, "सोवळ्यात असे प्रश्न नसतात." मग वडे कुठल्या सोवळ्यात चावणार, हे मी विचारलं नाही. याचा मला अजून राग येतो.

पहिले चार दिवस व्हायचं ते झालं. मी ऑफिसच्या दुपारच्या सुट्टीत डबी घेऊन जाई तेव्हा शामसुंदरकडे रांग असे आणि मामंजींपुढे एखाददुसरा माणूस. पाचव्या दिवशी सिन्नरकडचा देवराम बसला होता. त्यांचा वर्षानुवर्षांचा यजमान. गडी साठीचा, कमी बोलणारा. मी पोचले तेव्हा पिंड मांडून झाले होते आणि मामंजी नावं घेत होते. निदान त्यांचे ओठ हलत होते. मी तीन पायऱ्या वर उभी, माझा कान ट्रंक कॉलच्या खरखरीत मुरलेला, पण मलाही काही लागलं नाही.

देवरामने हातातलं पाणी सोडलं नाही. ओंजळ तशीच धरून तो म्हणाला, "म्हाराज, बापाचं नाव घ्या ना."

घेतलं की, मामंजी म्हणाले.

"मला नाय ऐकू आलं. वर्साकाठी येकदा त्याचं नाव कुणी घेतं ते तुमीच. घरात पोरं त्याला वळखत बी नायत. मला ऐकू आलं पायजे." तो रागावला नव्हता. ओंजळीतलं पाणी बोटांतून गळत होतं आणि तो वाट बघत होता.

मामंजींनी त्याच्याकडे बघितलं. मग चार पायऱ्या पलीकडे शामसुंदरकडे बघितलं. तो आपला यजमान सोडून इकडेच कान लावून होता. मग त्यांनी मान न वळवता माझ्याकडे हात केला. मी डबी उघडून पुढे केली. कवळी काढून ते खाली उतरले, वाकले आणि ती गंगेत तीनदा बुडवली, काहीतरी पुटपुटत. वर येताना ती तोंडात होती.

त्यांनी संकल्प पहिल्यापासून धरला. देवरामच्या बापाचं नाव सहादू. ते त्या दिवशी घाटावर असं वाजलं की भांडी घासणारी एक बाई थांबून वर बघू लागली. देवरामने मान डोलावली आणि ओंजळ पुन्हा भरून सोडली. नाक पुसायला त्याला हात मोकळा नव्हता, म्हणून त्याने ते खांद्याला पुसलं. मलाही रडू आलं. त्या वेळी माझ्या हातात रिकामी डबी होती, एवढंच मला आठवतं.

त्या पितृपक्षात पायरी राहिली, आणि पुढचे चारही पितृपक्ष राहिली. मामंजींनी निर्णय दुरुस्त केला, म्हणजे पहिला निर्णय झालाच नव्हता असं ठरवलं. गंगेत बुडवलेली वस्तू शुद्ध, तेव्हा रोज पहाटे कवळी तीनदा बुडवायची. ज्या पाण्यात गावभरची राख आणि फुलं सोडतात त्याच पाण्यात. डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. मी त्यांना म्हटलं, घरी आल्यावर मी ब्रशने घासते, तुम्ही काळजी करू नका. अशा रीतीने त्या दातांना पहाटे धर्म मिळे आणि संध्याकाळी साबण.

हिरड्या आकसत जातात, त्यामुळे वर्षातून एकदा कवळी सारखी करून घ्यायला निवृत्तीकडे जावं लागे. पहिल्या वर्षी मामंजी पाण्याने भरलेला तांब्या घेऊन गेले. दुसऱ्या वर्षी रिकामा नेला आणि तिथल्या नळावर भरला. तिसऱ्या वर्षी तांब्या घरी विसरले, आणि निवृत्तीने दिलेल्या ग्लासातल्या पाण्याने चूळ भरली. शेकडो घरांच्या तीन-तीन पिढ्या पाठ असलेला माणूस तांब्या विसरतो, हे मी मान्य केलं. चौथ्या वर्षी तर चहा झाला.

मधल्या काळात निवृत्तीचे वडील गेले. मामंजी मला घेऊन त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, मी सगळं करतो, दक्षिणा नको. हे त्यांच्या दृष्टीने फार मोठं होतं. निवृत्तीने हातातलं काम खाली ठेवलं. "नको, महाराज. दात तुमचे आहेत म्हणून तुमचे मंत्र ऐकतो. बाप माझा आहे." तो चिडून बोलला नाही, पण त्यात पुढे बोलण्यासारखं काही नव्हतं.  मामंजींनी मग नाव काय वडिलांचं, एवढंच विचारलं. निवृत्तीने सांगितलं, काळू. मामंजींनी ते नाव एकदा घेतलं, आधी मंत्र नाही, नंतर मंत्र नाही. निवृत्ती ऐकून म्हणाला, "बरोबर आलं," आणि त्याने पुन्हा काम हातात घेतलं.

एकोणनव्वदच्या माघात मामंजी गेले. सकाळी चहा प्यायले, बशी खाली ठेवली आणि भिंतीला टेकले. त्यांना नेताना शामसुंदर म्हणाला, कवळी काढून ठेवा, परकी वस्तू आहे. मी काढली नाही. चार वर्षं ते या दातांनी बोलले होते आणि पुढे कुणाशी बोलावं लागणार हे मला काय माहीत.

दहाव्याला आम्ही गंगेवर गेलो. पायरी तीच. तिच्यावर आता शामसुंदर बसला होता, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. समोर आमचे हे, ओल्या पंच्यात कुडकुडत. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या होत्या. निवृत्ती आला होता, पण पायऱ्यांवर खाली आला नाही. वरच्या बाजूला चपला हातात घेऊन उभा राहिला, हात न जोडता. आपल्या शपथेला तो जपत होता हे मला दिसत होतं.

शामसुंदरची मालगाडी निघाली. गोत्र गेलं, नाव यायच्या जागी 'गं' असं काहीतरी झालं आणि गाडी पुढच्या स्टेशनात. यांनी पिंडावर पाणी सोडलं. मी कान टवकारून बसले होते आणि माझ्या सासऱ्यांचं नाव मला ऐकू आलं नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं पलीकडच्या काठाला ऐकवणारा माणूस, आणि त्याचं स्वतःचं असं गिळलं गेलं. मला बोलायचं होतं. पण भोवती दहा भटजी, आणि मी सून. मी पदर घट्ट धरून बसले.

"परत म्हणा," मागून आवाज आला.

सगळे वळले. शामसुंदरने वर पाहिलं. निवृत्ती कोण, हे घाटावर सगळ्यांना माहीत होतं.

"नाव नीट आलं नाही," निवृत्ती म्हणाला. "परत म्हणा."

शामसुंदरने आजूबाजूला बघितलं, कुणीतरी याला गप्प करील म्हणून. कुणी काही बोलायच्या आत मी म्हणाले, "हो, भावजी. परत म्हणा."

त्याने परत म्हटलं. निवृत्तीने डोळे मिटले होते. मान हलवली आणि पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्या वेळी शामसुंदरला घाम आला होता, पण 'गंगाधर' ही चार अक्षरं एकेक करून बाहेर पडली आणि पाण्यावरून पलीकडे गेली.

"आलं," निवृत्ती म्हणाला. त्याने चपला खाली ठेवून पायांत घातल्या आणि तो कामावर गेला.